मल्टीमीटर: आठ महिने वापरून झाल्यावर (आणि एक बॅटरी फुकट घालवल्यावर)

खरं सांगायचं तर हा मीटर (व्होल्ट, अँपिअर, ओहम मोजायचं यंत्र) घेतला तेव्हा मला व्होल्ट आणि अँपिअरमधला फरक पण नीट माहीत नव्हता. सकाळी बाईकचा सेल्फ दाबला की नुसतं टकटकटक आणि कन्सोलचे दिवे मंद. पहिल्यांदा झालं तेव्हा डोळे झाकून नवी बॅटरी टाकली, ती पण चार महिन्यात बसली तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की दोष बॅटरीचा नसणार.

बॅटरी बाहेर काढून चार्जरवर फुल केली, रात्रभर तशीच ठेवली, सकाळी 12.7 व्होल्ट. सेल्फ मारताना 10.8 पर्यंत खाली आली, म्हणजे ठणठणीत (9.5 च्या खाली गेली असती तर मात्र ती कामातून गेलेली). पण गाडी चालू करून 4000 आरपीएमला धरली तरी 12.4 च आणि तेही हळूहळू उतरतंय. तिथे 14 च्या आसपास पाहिजे. म्हणजे चार्जिंगच येत नव्हतं, इतके दिवस गाडी फक्त बॅटरीच्या जिवावर पळत होती.

मग स्टेटर, म्हणजे इंजिनात वीज तयार करणारी कॉइल. माझ्या गाडीत त्याच्या तीन पिवळ्या वायर येतात, कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा प्लग) सोडवायचा, मीटर एसीवर ठेवून दोन दोन वायर धरून तिन्ही जोड्या बघायच्या. 4000 ला प्रत्येकी 50 व्होल्टच्या पुढे आले आणि तिन्ही जवळपास सारखे, आकड्यापेक्षा सारखे असणं जास्त महत्त्वाचं. मग मीटर बीपवर (जोडणी असेल तर वाजतो) ठेवून पिवळी वायर आणि इंजिन यांच्यात बीप वाजता कामा नये, वाजला तर कॉइल जळून अर्थ झालीय, म्हणजे इंजिनच्या धातूला टेकलीय. दोन पिवळ्या वायरींमध्ये ओहमवर 0.6 दाखवत होता पण हा मीटर नुसती टोकं एकमेकांना टेकवली तरी 0.3 दाखवतो, तेवढे वजा करा. मी केले नव्हते, एक अख्खी संध्याकाळ गेली.

स्टेटर चांगला म्हटल्यावर रेक्टिफायर (स्टेटरच्या एसीचं डीसी करून बॅटरीला देणारा डबा) बदलायला निघालो होतो, तेवढ्यात त्याच कपलरकडे लक्ष गेलं, एक पिन तपकिरी होऊन प्लास्टिक वितळलेलं. पिन बदलल्या तर 13.3 आले. बरं, पण पुरेसं नाही.

इथे मीटरचे सगळे पैसे वसूल झाले. गाडी चालू, मीटर डीसीवर, एक टोक रेक्टिफायरच्या अर्थ वायरला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. शून्याच्या जवळ यायला पाहिजे, आले 0.7. चेसिसवरच्या अर्थच्या बोल्टखाली गंज धरलेला! सँडपेपरने घासला, परत आवळला, 14.1. नवीन पार्ट एकही नाही, नुसत्या पिना.

तरी गाडी आठवडाभर उभी राहिली की परत टकटक, आता हे काय? चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून मधे मीटर लावला (लाल प्रोब 10 अँपिअरच्या भोकात घालायचा, विसरू नका), 62 मिलीअँपिअर! दिवसाला जवळजवळ दीड अँपिअर-अवर झाले की, माझी 9 अँपिअर-अवरची बॅटरी सहा दिवसात रिकामी. फ्यूज एकेक काढत गेलो पण आकडा हलेना, कारण चोर फ्यूजबॉक्सच्या बाहेरच होता, मीच डायरेक्ट बॅटरीवर जोडलेला मोबाईल चार्जर. तो चावीवरच्या लाईनवर घेतला, आता 1 मिलीअँपिअर दाखवतो. आणि हो, मीटर असा मधे असताना चुकून चावी चालू करून सेल्फ दाबू नका, मी दाबला, मीटरचा फ्यूज गेला.

आता तक्रारी. बॅकलाईट नाही, संध्याकाळी टॉर्च तोंडात धरावा लागतो. सगळ्यात वाईट म्हणजे याची स्वतःची 9 व्होल्टची बॅटरी उतरली की हा आकडे वाढवून दाखवतो. सहाव्या महिन्यात बाईकला 15.6 दाखवले, मला वाटलं ओव्हरचार्ज होतंय, गेला रेक्टिफायर, ऑर्डर करणारच होतो. मित्राच्या मीटरवर 14.1! कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह इतकं बारीक आहे की दिसलंच नाही. आता काही विचित्र आकडा आला की आधी मीटरची बॅटरी बदलून बघतो. काळ्या प्रोबची वायर मुळाशी तुटायला आलीय, सध्या टेप गुंडाळून चालवतोय.