बर्लिन की टोकियो?

भाचीला तीन महिने गिटार घेऊन परदेशी राहायचंय. बर्लिनचं क्रॉइझबर्ग की टोकियोचं कोएंजी, यावर ठाण्याच्या तलावपाळीला दोन भेळी संपल्या.

आधी जागा. १९८९ला भिंत पडली आणि पूर्व बर्लिनच्या ओस इमारतींत कलाकार घुसले. टाखेलेस ही इमारत १९९०त अशीच बळकावली, २०१२त सोडावी लागली. आता भाडी तिथंही चढलीत. टोकियोत बळकावणं वगैरे नाही. कोएंजी, शिमोकिताझावात तळघरातली चिमुकली लाइव्ह हाउसं, म्हणजे बँड वाजवायच्या जागा. मेख आहे ती 'नोरुमा'ची. बऱ्याच ठिकाणी ठरलेली तिकिटं नव्या बँडनंच खपवायची, उरली तर पैसे खिशातून भरायचे. गडकरी रंगायतनला प्रयोग लावून नातेवाइकांच्या गळ्यात तिकिटं मारणाऱ्या आमच्या हौशी मंडळींना हे लगेच कळेल!

वेळेचं म्हणाल तर टोकियोत मध्यरात्रीच्या सुमारास शेवटची गाडी, अगदी ठाण्यासारखीच. बर्लिनला शुक्रवार-शनिवार मेट्रो रात्रभर.

सूर पक्के असतील, घड्याळ लावून वाजवायचं असेल आणि गाठीला चार पैसे असतील तर कोएंजी. अजून चाचपडायचं असेल, अनोळखी लोकांत पहाटेपर्यंत रमायचं असेल तर बर्लिन. भाचीचं 'वंडरवॉल' गाणं गिटारवर अजून अडखळतं, तेव्हा माझं मत बर्लिनला.