ज्येष्ठांचे नैराश्य: दवाखान्यातले उपचार की घरी आणि संघात मिळणारा आधार?

घरातील ज्येष्ठ व्यक्ती काही आठवड्यांपासून खिन्न आणि अबोल राहू लागली, की पुण्यातील कुटुंबांसमोर साधारणतः दोन पर्याय असतात. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे जायचे, किंवा ज्येष्ठ नागरिक संघ, विरंगुळा केंद्र किंवा घरी येणारा समुपदेशक यांची मदत घ्यायची. मनोविकारतज्ज्ञांचे नाव काढले की ‘मला काय वेड लागले आहे का?’ हे उत्तर बहुधा तयारच असते. देशातील ज्येष्ठांच्या २०१७-१८ च्या ‘लासी’ पाहणीत साठीपुढील ८.३ टक्के लोकांमध्ये नैराश्याची शक्यता दिसली. पण तसे निदान झाल्याचे सांगणारे एक टक्काही नव्हते.

दवाखान्याच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा तपासणीचा आहे. थायरॉइडचे काम मंदावणे, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, रक्तक्षय किंवा चालू असलेल्या एखाद्या औषधाचा परिणाम यांमुळे नैराश्यासारखीच लक्षणे दिसू शकतात आणि ही कारणे संघात किंवा समुपदेशनात सापडत नाहीत. शिवाय मधुमेहासाठी किंवा रक्तदाबासाठी डॉक्टरांकडे एरवीही जाणे होतच असते, त्यामुळे संकोच वाटत नाही. अडचण वेळेची आहे. ज्येष्ठ माणूस ‘उदास वाटते’ असे सहसा म्हणत नाही. झोप लागत नाही, अंगात त्राण नाही, पोट साफ होत नाही, असे सांगतो, आणि गर्दीच्या दवाखान्यात प्रत्येक तक्रारीवर एकेक गोळी मिळून भेट संपते. त्यांत झोपेची गोळी असेल तर तोल जाण्याची आणि विसरभोळेपणा वाढण्याची भीती वेगळीच. म्हणून सोबत जाणाऱ्याने ‘पीएचक्यू-९’ ही नैराश्य मोजणारी प्रश्नावली भरून घेण्याची विनंती स्वतःहून करावी, हे बरे. गेल्या दोन आठवड्यांविषयीचे ते नऊ प्रश्न असतात, गुण ० ते २७ असतात आणि १० किंवा त्याहून अधिक गुण आले तर पुढील तपासणी हवी.

नैराश्यावरचे औषध सुरू झालेच, तर गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि उतारवयात त्याहून अधिकही लागू शकतात. या औषधांनी काही ज्येष्ठांच्या रक्तातील सोडियम कमी होते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी आधीच चालू असेल, तर हा धोका वाढतो. त्यामुळे सोडियमची तपासणी कधी करायची, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारावे.

संघ आणि विरंगुळा केंद्र यांच्याविषयी थोडक्यात सांगता येईल. एकटेपणा हेच मुख्य दुखणे असेल आणि माणूस घराबाहेर पडायला राजी असेल, तर याहून स्वस्त आणि सोपा उपाय नाही. परंतु नैराश्यात नेमकी बाहेर पडण्याची इच्छाच मावळते, आणि ज्याला ऐकू कमी येते तो दहा जणांच्या गप्पांत अधिकच एकटा पडतो. ‘चार माणसांत मिसळा, बरे वाटेल’ हा सल्ला देणाऱ्यांनी आधी कानांची तपासणी करून आणावी, असे सुचवावेसे वाटते.

घरी येणाऱ्या समुपदेशकाची गोष्ट वेगळी आहे. त्याचे काम समजूत घालण्याचे नसते. ‘मंगळवारी सकाळी सात वाजता सोसायटीच्या फाटकापर्यंत जाऊन यायचे’ इतके छोटे काम दोघे मिळून ठरवतात, ते दिनदर्शिकेवर लिहितात आणि पुढच्या भेटीत ते झाले का, नसेल तर कशामुळे अडले, हे पाहतात. गोव्यात याच धर्तीवर, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांनी, सौम्य लक्षणे असलेल्या १८१ ज्येष्ठांपैकी सुमारे निम्म्यांसोबत काम केले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरात समुपदेशन मिळालेल्यांपैकी सुमारे ४ टक्क्यांना, तर इतरांपैकी सुमारे १४ टक्क्यांना नैराश्याने गाठले.

अमेरिकेतील दोन प्रयोगांचे आकडे वरवर पाहता बरोबरीचे आहेत. ‘इम्पॅक्ट’ या दवाखान्यांतल्या प्रयोगात (२००२, १८०१ रुग्ण) वर्षाअखेरीस ४५ टक्के रुग्णांची लक्षणे निम्म्याने किंवा अधिक कमी झाली. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण १९ टक्के होते. ‘पर्ल्स’ या घरपोच प्रयोगात (२००४, १३८ व्यक्ती) ते ४३ विरुद्ध १५ टक्के होते. मात्र ‘पर्ल्स’मधील नैराश्य सौम्य किंवा रेंगाळलेले होते, तर ‘इम्पॅक्ट’मध्ये तीव्र नैराश्याचेही रुग्ण होते, म्हणून दोन्ही पर्याय सारखेच गुणकारी, असा अर्थ काढणे धाडसाचे ठरेल. दोन्हीकडे समान होते ते असे, की एक ठरावीक माणूस रुग्णाला पुन्हा पुन्हा विचारत होता आणि गुण येत नसेल तर उपचार बदलले जात होते. पुण्यात डॉक्टर निवडतानाही हीच बाब मी पदवीच्या आधी पाहीन: गोळी लिहून दिल्यानंतर दोन आठवड्यांनी त्यांच्याकडून कोणी फोन करणार आहे का?

माझ्या मते रक्ततपासणी आणि प्रश्नावली यांसाठी आधी डॉक्टरांकडेच जावे. गुण १० च्या खाली असतील किंवा जिने उतरणे अवघड असेल, तर घरी येणारा समुपदेशक शोधावा आणि तो मिळेपर्यंत पाठपुराव्याचे काम घरातल्या एकाच माणसाने घ्यावे. गुण १५ किंवा अधिक असतील, तर औषध आणि समुपदेशन दोन्ही एकदम सुरू करण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. संघाची पाळी थोडी उभारी आल्यावर येते.

खाणेपिणे सुटले असेल, भास होत असतील किंवा जगणे नको झाल्याची भाषा होत असेल, तर मात्र ही तुलना बाजूला ठेवून त्याच दिवशी ससूनसारख्या मनोविकार विभाग असलेल्या रुग्णालयात न्यावे. रात्री-अपरात्री बोलायला कोणी हवे असेल, तर ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते.