स्त्री-हक्कांच्या इतिहासाची श्राव्यमाला: मताधिकारावर सकस, वेतनावर घाईची

स्त्रियांच्या हक्कांच्या इतिहासावरील या श्राव्यमालेतील मताधिकाराचा भाग सर्वांत सकस आहे. न्यूझीलंडने १८९३ साली स्त्रियांना मतदानाचा हक्क दिला, पण निवडणुकीला उभे राहण्याचा हक्क १९१९ पर्यंत दिला नाही. ब्रिटनने १९१८ मध्ये तिशी पूर्ण केलेल्या आणि स्वतःची वा पतीची मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांनाच मत दिले आणि पुरुषांच्या बरोबरीने ते मिळायला १९२८ साल उजाडावे लागले, हे सारे निवेदिकेने सावकाश उलगडले आहे. स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना राष्ट्रीय पातळीवर मत मिळाले ते १९७१ हे साल तर मी मागे जाऊन पुन्हा ऐकले. समान वेतनाचा विषय मात्र जेमतेम चार मिनिटांत गुंडाळला आहे, आणि भागांना शीर्षके नसल्याने हवा तो तपशील शोधताना वैताग येतो.