साताऱ्याच्या मोती चौकातले अल्टरवाले काका, ऐनवेळी खरंच वाचवलं

मैत्रिणीचं लग्न कोल्हापूरला, दुपारी ३ ची एसटी आणि सकाळी ११ ला ब्लाऊज घालून बघितला तर बगलेत इतका घट्ट की हातच वर होईना. जिथे शिवला तिथे फोन केला तर म्हणे परवा या, अहो परवा लग्न होऊन गेलेलं असणार! मग आई म्हणाली मोती चौकाजवळच्या बोळात एक काका बसतात तिकडे पळ. काकांनी ब्लाऊज उलटा केला, बोटाने शिवण चाचपली आणि म्हणाले "माया आहे पोरी आत, होतंय." म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड सोडलेलं होतं. दोन्ही बाजू उसवून पाऊण पाऊण इंच सैल केला, जुन्या टाक्यांची भोकं दिसू नयेत म्हणून पाणी शिंपडून इस्त्री फिरवली, एक हुक सुटत आलेला तोपण न सांगता पक्का करून दिला. सव्वा तास, ८० रुपये फक्त. घालून बघायला जागा नाही एवढंच, शेजारच्या साडीच्या दुकानात जावं लागतं. तोवर मी चौकातून अर्धा किलो कंदी पेढे घेतले, साताऱ्याहून रिकाम्या हाताने कसं जायचं. आणि ब्लाऊज शिवायला टाकताना माया ठेवायला सांगत जा गं सगळ्यांनी. लग्नात अगदी हात वर करून अक्षता टाकल्या, एक टाका उसवला नाही.