पोर्तुगालच्या डोंगरातलं घर आणि दाजींचे 18 लाख

दाजींचे 18 लाख गेले ते पोर्तुगालच्या मोन्चिक डोंगरातल्या घरापायी. दक्षिणेकडचा आल्गार्व भाग; वर डोंगर, खाली अटलांटिक. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतला कारखाना पोरांकडे सोपवून मोकळ्या झालेल्या माणसाला हे भुरळ घालणारच. ताराबाई पार्कातल्या हॉटेलात प्रेझेंटेशन झालं, आलेल्यांना फेटे बांधून. एजंट म्हणाला, "साहेब, घर घ्या, गोल्डन व्हिसा आपोआप होतोय." घराच्या बदल्यात तिथं राहायला मिळणारा तो व्हिसा पोर्तुगालनं ऑक्टोबर 2023 मध्येच बंद केलाय.

खरी मेख पैसे भरण्यात होती. परदेशातल्या घराचे पैसे रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेतून, आपल्या बँकेमार्फत जातात. माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत. 10 लाखांच्या वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, बँक घेते. एजंटनं नेमकं तिथं बोट ठेवलं. "1 लाख 60 हजार कशाला घालवताय? इथंच आमच्या पार्टनरच्या खात्यात रुपयात टाका, तिकडं युरो जमा होतील." अहो, टीसीएस म्हणजे बुडीत पैसा नव्हे. रिटर्न भरताना तो आयकरात वळता होतो, जास्तीचा परत मिळतो. कुठलाही सीए हे दोन मिनिटांत सांगेल, पण "ऑफर शनिवारपर्यंतच" होती.

करारावर शिक्के भरपूर. माझ्या मैत्रिणीची मुलगी लिस्बनला असते, ती गाडी काढून बघून आली. व्हिडिओत चार दगडी भिंती, छप्पर गायब, आतल्या जमिनीतून निलगिरीचं झाड कमरेपर्यंत वाढलेलं. तिनं नोंदणी कार्यालयातून उताराही काढला. करारात विकणारा म्हणून जो होता, त्याचं नावच मालकांत नाही. जमीन शेतीची, राहण्याचा परवाना नाही. आपण सातबारा बघतो तसा हा उतारा तिथं बघायचा; विकणाऱ्याकडून कोड घेतला की कोल्हापुरात बसून ऑनलाइन दिसतो. दाजींना दाखवलेला कागद करखात्याचा होता, त्यावरून मालकी ठरत नाही.

आता एजंट म्हणतोय, "तक्रार केली तर फेमाखाली, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली, तुम्हीच अडकाल." याच धाकानं लोक गप्प बसतात, आणि याचं फावतं. आम्ही वकिलांना घेऊन आर्थिक गुन्हे शाखेत अर्ज दिलाय, सोबत बँक स्टेटमेंट, करार आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज. जिल्ह्यात आणखी कुणी असे पैसे भरले असतील, तर चॅट डिलीट करू नका आणि आपला अर्ज वेगळा द्या.