मेटॅग रिंगर वॉशिंग मशीन (मॉडेल ई): गॅरेजमध्ये दुरुस्त केलं, वर्षभर वापरलं, त्याचा रिव्ह्यू

आम्ही आयोवात राहतो, डे मॉइनच्या जवळ. इथून गाडीने पाऊण तासाच्या आत न्यूटन नावाचं गाव लागतं आणि एकेकाळी सगळ्या अमेरिकेची धुणी ज्या मशीनमध्ये धुतली जायची ते मेटॅग या गावातलं. त्यामुळे या भागात जुन्या शेतघरांचा सेल लागला की तळघरात किंवा कोठारात चार पायांचं, वर दोन रबरी रोलर असलेलं एखादं मशीन हमखास दिसतं. मला असंच एक 75 डॉलरला मिळालं. मॉडेल ई, चौकोनी अ‍ॅल्युमिनियमचा टब. दुरुस्तीला तीन महिने गेले, त्यानंतर आता वर्षभर दर शनिवारी वापरतेय, म्हणून लिहायला बसले. कोणी घ्यायचा विचार करत असेल तर उपयोग होईल.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी, रिंगर म्हणजे पिळायचं यंत्र. टबमध्ये मधोमध अ‍ॅजिटेटर असतो, तो एकदा इकडे एकदा तिकडे अर्धवट फिरतो आणि पाणी ढवळतो. धुऊन झालं की कपडा दोन रोलरच्या मधून घालायचा, पलीकडून पिळलेला बाहेर येतो. स्पिन नाही, बझर नाही, आपोआप पाणी भरणं नाही. तुम्ही लिव्हर ओढाल तेव्हा सुरू, ढकलाल तेव्हा बंद. पाणी सोडायचं तर बाजूला अडकवलेला पाइप खाली घ्यायचा, बस्स.

या कंपनीने पहिलं वॉशिंग मशीन काढलं 1907 मध्ये, त्याआधी शेतीची अवजारं बनवायचे. 1922 मध्ये त्यांनी अ‍ॅजिटेटर टबच्या तळाशी आणला, कपड्यांना ओढत बसण्यापेक्षा पाणीच कपड्यातून जोरात फिरवायचं ही कल्पना, आणि तिथून त्यांचं नशीब फिरलं. ऑटोमॅटिक मशीनं घरोघरी आल्यावरही ते रिंगरवालं मशीन बनवत राहिले, थेट 1983 पर्यंत! 2006 मध्ये व्हर्लपूलने कंपनी घेतली आणि 2007 मध्ये न्यूटनचा कारखाना बंद झाला. गावातल्या जॅस्पर काउंटीच्या म्युझियममध्ये जुनी मशीनं मांडून ठेवलीत, मी दुरुस्ती सुरू करायच्या आधी दोनदा जाऊन आले, कुठला भाग कुठे बसतो ते नीट बघायला. तुम्ही पण जा, फोटो बघून जे कळत नाही ते समोर उभं राहिलं की कळतं.

आता दुरुस्ती. सगळ्यात आधी वायर. घरी आणल्या आणल्या प्लग लावून बघायचा मोह होतो, अजिबात लावू नका. माझ्या मशीनची वायर बाहेरून ठीक दिसत होती, पण मोटरच्या तोंडाशी जरा वाकवली तर आतलं रबर सुकलेल्या मातीसारखं हातात आलं, तांबं उघडं. आणि प्लग दोन पिनचा, म्हणजे अर्थिंगच नाही. हे मशीन धातूचं, त्यात पाणी, आपले हात ओले, खाली काँक्रीटची फरशी. मी जाड तीन पिनची नवीन वायर घातली, अर्थिंगची वायर मशीनच्या सांगाड्याला आणि मोटरला घट्ट बसवली आणि गॅरेजमधलं सॉकेट करंट गळला की लगेच ट्रिप होणारं लावून घेतलं. वायरिंग येत नसेल तर एवढं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, इथे पैसे वाचवू नका.

मोटर मात्र सुरेख निघाली. उघडून कार्बन आणि धूळ झटकली, सुरू होताना लागणारा आतला स्विच साफ केला, तेलाच्या जागी थेंब थेंब तेल दिलं, पट्टा नवीन घातला, आणि ती अशी सुरू झाली की जवळ जाऊन ऐकावं लागलं, चालू आहे का म्हणून.

खरा घाम काढला तो अ‍ॅजिटेटरने. तो मधल्या दांड्यावरून नुसता सरळ वर उचलला की निघायला पाहिजे. माझा कित्येक वर्षं हललाच नव्हता. दांडा आणि अ‍ॅजिटेटर यांच्यामध्ये साबणाचा आणि क्षारांचा दगड झालेला. नवरा हातोडा घेऊन आला, त्याला थांबवलं, कारण काळा अ‍ॅजिटेटर बेकलाइटचा, म्हणजे जुन्या काळच्या कडक प्लास्टिकचा असतो आणि एक ठोका चुकला की तडकतो. मग रोज रात्री गंज सोडवायचं तेल वरून सोडायचं, सकाळी कढत पाणी ओतून अर्धा तास ठेवायचं आणि दोन्ही हातांनी धरून थोडं इकडे थोडं तिकडे हलवायचं. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी गरम पाणी ओतलं आणि खालून दोन्ही बाजूंना लाकडाच्या पाचरी हलक्या हाताने सारल्या तेव्हा 'कट्ट' असा आवाज आला आणि केसाएवढी फट दिसली. त्यानंतर दोन मिनिटांत बाहेर. खाली काय होतं तर करडा चिखल, दोन शर्टाची बटणं, एक हेअरपिन आणि 1964 सालचं एक सेंटचं नाणं. ते नाणं मी धुऊन ठेवलंय. आता दर धुण्यानंतर अ‍ॅजिटेटर काढून ठेवते, दांडा पुसते, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

टब ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा आहे, जाड, वाजवला तर भांड्यासारखा नाही तर घंटेसारखा वाजतो. आतून पांढरी पूड धरलेली. धुण्याचा सोडा अ‍ॅल्युमिनियमला घालायचा नाही, काळं पडतं आणि धातू खाल्ला जातो, हे आपल्याकडे अ‍ॅल्युमिनियमची पातेली घासणाऱ्या कुणालाही माहीत असतं. मी व्हिनेगरचं पाणी आणि बारीक घासणी वापरली, तीन संध्याकाळी गेल्या. आरशासारखा चकचकीत करायच्या मागे लागू नका, नुसता गुळगुळीत झाला की पुरे. पहिले दोन घाणे जुन्या चिंध्यांचे काढा, कारण सुरुवातीला करडे डाग कपड्यांना लागतात, माझ्या चिंध्यांना लागले.

खालची गिअरकेस, म्हणजे अ‍ॅजिटेटर फिरवणाऱ्या दातेरी चाकांची बंद पेटी, मी उघडली नाही. तेल बघितलं, काळं होतं पण दुधट नव्हतं, म्हणजे आत पाणी शिरलेलं नाही. मशीन बघायला जाल तेव्हा हेच आधी तपासा. दुधट तेल दिसलं, दांडा हाताने फिरवताना खरखर लागली, तर किंमत कितीही कमी असो, परत या. रंग गेला, पाय गंजले, चाकं तुटली, हे सगळं होतं नीट.

सगळ्यात जास्त पैसे रोलरला गेले. जुने रोलर लाकडासारखे कडक झालेले आणि मधे चपटे, कारण कुणीतरी दाब तसाच ठेवून मशीन कोठारात लोटलेलं. ऑनलाइन एका दुकानातून मागवले तर लांबीच चुकीची आली, मी मोजमापं फोटोसकट पाठवली होती तरी, परत पाठवायचा खर्च माझ्याच डोक्यावर आणि ईमेलला उत्तर यायला तीन आठवडे. खूप मनस्ताप झाला. शेवटी एका अमिश माणसाकडून मिळाले. अमिश म्हणजे जुन्या पद्धतीने राहणारा इथला एक ख्रिस्ती पंथ. त्यांच्यातले बहुतेक लोक घरात बाहेरून वीज घेत नाहीत, पण बरेच जण रिंगर मशीन वापरतात, विजेची मोटर काढून पेट्रोलच्या इंजिनावर किंवा हवेच्या दाबावर चालवतात. त्यामुळे सुटे भाग आणि ते बसवणारी माणसं दोन्ही त्यांच्या वस्तीत सापडतात. त्या गृहस्थांनी माझा जुना रोलर हातात घेतला, टेप न लावता लांबी सांगितली आणि आतून नवा आणून दिला. दाबाचा स्क्रू किती फिरवायचा तेही दाखवलं. पैशांपेक्षा ती दहा मिनिटं मला जास्त मोलाची वाटतात.

आता वापराबद्दल. कपडे किती स्वच्छ निघतात? खरं सांगते, माझ्या आत्ताच्या आठशे डॉलरच्या मशीनपेक्षा स्वच्छ. कॉलरची घाण दहा मिनिटांत जाते, कारण कपडे भरपूर पाण्यात मोकळे फिरतात. आणि तेच पाणी तीनदा वापरायचं, आधी कढत पाण्यात पांढरे, मग रंगीत, मग गॅरेजचे आणि बागेचे कपडे. बाजूला खळबळायला दोन टब. रिंगरची मान फिरवता येते, म्हणजे मशीनमधून पिळून पहिल्या टबात, मग तीच मान फिरवून पहिल्यातून पिळून दुसऱ्यात, शेवटी पिळून टोपलीत. शेजारच्या आजी म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी सोमवार म्हणजे धुण्याचा दिवस, आणि शेवटच्या टबात नीळ. नीळ! मला वाटायचं ती फक्त आपल्याकडेच.

मे महिन्यात आई आली वाईहून. आधी म्हणाली, "अगं, एवढ्या लांब येऊन हे कोठारातलं कशाला घेऊन बसलीस?" मग शनिवारी गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसली आणि बघत राहिली. तिचं सुती पातळ होतं, नऊवार. मी चौपदरी घडी करून एक टोक रोलरमध्ये दिलं, आणि ते पलीकडून लाटलेल्या पोळीसारखं सपाट, एकसारखं बाहेर पडत राहिलं, एक थेंब पाणी ठिबकत नाही. आई उठली, हात लावून बघितलं आणि म्हणाली, "आम्ही दोघी दोन टोकं धरून पीळ घालायचो, तरी एवढं निघायचं नाही." तिची मनगटं दुखतात आता, पंचवीस माणसांची धुणी नदीवर आपटून धुतलेली मनगटं आहेत ती. पुढचे सगळे शनिवार तिने मला रोलरला हात लावू दिला नाही.

पण रोलरचं कळकळीने सांगते. हे यंत्र बोटात आणि कपड्यात फरक करत नाही. ज्या काळी घरोघरी ही मशीनं होती तेव्हा मुलांचे हात कोपरापर्यंत आत गेल्याच्या केसेस इथल्या दवाखान्यांत नेहमीच्या होत्या, डॉक्टरांमध्ये 'रिंगर इंज्युरी' असं नावच पडलेलं. वर सुटकेची पट्टी असते, तिच्यावर हात मारला की वरचा रोलर सुटतो. ती पट्टी चालते का हे दर वेळी, हो दर वेळी, कपडा घालायच्या आधी मारून बघा. चालत नसेल तर मशीन विकत घेऊ नका, किंवा दुरुस्त होईपर्यंत रिंगर बंद ठेवा. ओढणी नको, बांगड्या काढा, मंगळसूत्र आत घाला, केस बांधा. लहान मूल गॅरेजमध्ये असेल तर धुणं उद्या काढा. कढत पाण्यातून कपडा उचलायला लाकडी काठी ठेवा. बटणं आतल्या बाजूला दुमडून घाला नाहीतर तुटतात, जाड चेन रोलरला चिरा पाडते. लोकरीचं काही घालू नका.

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून, भारतात न्यायचं डोक्यातून काढून टाका. मोटर 115 व्होल्ट, 60 हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरेल पण आपल्याकडच्या 50 हर्ट्झवर ती सहाव्या हिश्शाने हळू फिरेल आणि तापेल. मोटरच बदलावी लागेल, आणि वजन एवढं की दोन धट्टीकट्टी माणसं लागतात उचलायला.

एकूण खर्च मशीन धरून 340 डॉलर, त्यात रोलर, वायर, पट्टा, पाइप आणि एक चाक. वेळ मोजला नाही. रोज नोकरी करून घाईत धुणं उरकणाऱ्यांसाठी हे नाही, समोर उभं राहून दोन अडीच तास द्यावे लागतात. ज्यांच्याकडे गॅरेज आहे, जमिनीत पाणी जायला जाळी आहे आणि पाना हातात धरायची आवड आहे त्यांनी जरूर घ्यावं. एकही प्लास्टिकचा खटका नाही यात, प्रत्येक भाग स्क्रूने बसवलेला, म्हणजे उघडणाऱ्याला उघडता यावं म्हणूनच बनवलेला, आणि मला या मशीनबद्दल सगळ्यात जास्त प्रेम याच गोष्टीचं आहे.

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापला तो पाण्याच्या पाइपसाठी, तो इतका खाली येतो की बादली लावता येत नाही, आणि माझी गॅरेजची जाळी दुसऱ्या कोपऱ्यात आहे. आणि हो, धुणं झालं की रोलरचा दाब सैल करून ठेवा. आई परत गेली तरी फोनवर दर शनिवारी पहिलं हेच विचारते, "दाब सोडलास ना?"