ॲप, केबल की फ्री डिश : बॉक्सिंग पाहू इच्छिणाऱ्या खान्देशी घरासाठी

बॉक्सिंग शिकणाऱ्या मुलांचे पालक अलीकडे मला एकच प्रश्न विचारतात : घरी केबलचे पॅकेज चालू ठेवावे, फ्री डिश बसवावी, की दोन्ही सोडून ॲपची वर्गणी भरावी? भुसावळच्या रेल्वे वसाहतीतील घराला जे उत्तर लागू पडते ते धडगावकडच्या पाड्यावर लागू पडेलच असे नाही. त्यामुळे आधी कोणत्या लढती पाहायच्या ते ठरवावे आणि माध्यमाचा विचार त्यानंतर करावा, असे मी त्यांना सांगतो.

मुलगी निखत झरीन किंवा लवलिना बोर्गोहाईन यांच्याकडे पाहून हातमोजे घालत असेल, तर तिच्या दृष्टीने महत्त्वाच्या स्पर्धा म्हणजे ऑलिम्पिक, आशियाई आणि राष्ट्रकुल. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या क्रीडा प्रसंगांचे थेट प्रक्षेपण खासगी हक्कदाराने दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला देणे २००७ च्या कायद्याने बंधनकारक केले असून या तिन्ही स्पर्धा त्या यादीत आहेत. मात्र अशा रीतीने मिळालेले प्रक्षेपण दूरदर्शनने केवळ आपल्या भूप्रक्षेपणावर (म्हणजे घरच्या साध्या अँटेनावर) आणि फ्री डिशवर दाखवावे, खासगी केबलवर व डिशवर ते जाऊ नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. दरमहा पैसे भरूनही केबलवाल्या घरात जो सामना दूरदर्शनच्या वाहिनीवर दिसत नाही, तो मासिक शुल्क नसलेल्या फ्री डिशवर दिसू शकतो, ही गोष्ट फार थोड्या पालकांना माहीत असते.

व्यावसायिक बॉक्सिंगचे मात्र तसे नाही. तिथे कोणताही कायदा प्रेक्षकाच्या बाजूने उभा नाही, आणि गेल्या दहा वर्षांत घडी पुरती बदलली आहे. एचबीओ या अमेरिकी वाहिनीने १९७३ पासून चालवलेले बॉक्सिंग २०१८ अखेर बंद केले, १९८६ पासून लढती दाखवणारी तिची स्पर्धक वाहिनी शोटाइम २०२३ अखेर बाहेर पडली. त्यांची जागा घेणाऱ्यांपैकी डॅझन या ॲपने २०१८ मध्ये मॅचरूम या प्रमोटर, म्हणजे लढती भरवणाऱ्या, कंपनीशी आठ वर्षांचा, एक अब्ज डॉलरपर्यंतचा करार केला. प्रीमियर बॉक्सिंग चॅम्पियन्स (पीबीसी) ही लढतींची मालिका २०२३ च्या डिसेंबरमध्ये ॲमेझॉनकडे गेली. टॉप रँक ही प्रमोटर कंपनी आणि ईएसपीएन ही क्रीडा वाहिनी यांचा २०१७ पासूनचा संबंध २०२५ मध्ये संपला. आज ज्या ॲपवर एखादा बॉक्सर दिसतो, त्याच ॲपवर तो पुढच्या वर्षी दिसेल अशी खात्री या व्यवहारात कोणीच देत नाही.

आपल्याकडच्या यात्रेतील कुस्त्यांच्या दंगलीशी ताडून पाहिले तर हा बदल लवकर उमगतो. दंगलीत गाव वर्गणी काढते, पंच जोड लावतात, इनाम जाहीर होते आणि आखाड्याभोवती बसलेला माणूस बहुधा फुकट पाहतो. जुन्या व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये प्रमोटर जोड लावत असे आणि पैसा तिकिटांतून, वाहिनीच्या शुल्कातून व पे-पर-व्ह्यूमधून, म्हणजे एकेका लढतीसाठी घरबसल्या भरलेल्या वेगळ्या पैशांतून, येत असे. मेवेदर आणि पॅकियाओ यांची २०१५ ची लढत सुमारे ४६ लाख वेळा विकली गेली, आणि अमेरिकेत ती घरी पाहण्यासाठी जवळपास शंभर डॉलर मोजावे लागले. ती लढत जुळण्यातच वर्षे गेली होती, आणि शेवटी एकाचा करार शोटाइमशी व दुसऱ्याचा एचबीओशी असणे हीही त्यातली एक अडचण होती. वाहिन्यांमधली ती भिंत आता ॲपांमध्ये उभी राहते, आणि इनामाची रक्कम आधीच बांधून देणारे ॲप जोड लावण्यातही वजन राखते. नव्या वर्गणीदारांना आणील असे नाव त्याला हवे असते. म्हणूनच ५८ वर्षांचा माइक टायसन १५ नोव्हेंबर २०२४ रोजी नेटफ्लिक्सवर, यूट्यूबमुळे नाव झालेल्या जेक पॉलसमोर उभा राहू शकला. माझ्या मते त्या रात्रीची खरी लढत केटी टेलर आणि अमांडा सेरानो या महिला बॉक्सरांची होती, आणि एरवी अशी लढत इतक्या घरांत पोहोचली नसती, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

प्रेक्षकाचा फायदाही खरा आहे. कनेलो आणि क्रॉफर्ड यांची सप्टेंबर २०२५ ची लढत नेटफ्लिक्सच्या वर्गणीदारांना वेगळे पैसे न भरता पाहता आली. आपल्याकडे ती रविवारी सकाळी आली. १४९ रुपयांची सर्वांत स्वस्त योजना मोबाइल आणि टॅबलेटपुरती असते, टीव्हीवर ती चालत नाही, हे मात्र पैसे भरण्याआधी पाहावे. केबलवर अशा लढतीची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

डेटाचा हिशेबही आधीच करावा. चांगल्या प्रतीच्या चित्राला तासाला सुमारे ३ जीबी लागतात. चार तासांचा कार्यक्रम म्हणजे १२ जीबी, आणि मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीत तो बसत नाही. जळगाव, धुळे, भुसावळ येथे तारेचे ब्रॉडबँड असेल तर अडचण नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी टॉवर डळमळीत असतो, तिथे ॲपवर विसंबू नये. पॉल-टायसन लढतीच्या वेळी एकाच क्षणी साडेसहा कोटी ठिकाणी चित्र चालू होते, असे नेटफ्लिक्सने सांगितले, आणि अनेक देशांत ते अडखळल्याच्या तक्रारी आल्या. शिवाय ॲपवरचे चित्र डिशपेक्षा काही सेकंद मागे असते. माझ्याच घरी एकदा एका सामन्याचा निकाल भाच्याच्या संदेशातून आधी कळला आणि पडद्यावर शेवटची फेरी अजून चालूच होती. डिशचा दोष वेगळा : जोराच्या पावसात चित्र जाते.

वर्षाची वर्गणी घ्यावी का, याचे उत्तर क्रिकेटने दिले आहे. २०२३ ते २०२७ च्या आयपीएलसाठी भारतीय उपखंडातील टीव्हीचे हक्क २३,५७५ कोटींना आणि डिजिटलचे मुख्य हक्क २०,५०० कोटींना गेले, म्हणजे दोन्ही बाजू जवळपास बरोबरीला आल्या. त्या चढाओढीत २०२३ मध्ये सामने मोबाइलवर फुकट मिळाले, मराठी समालोचनासह. पुढे दोन्ही हक्क एकाच समूहाकडे आले आणि २०२५ मध्ये वर्गणी किंवा ठरावीक रिचार्ज आले. बॉक्सिंगचे हक्क याहून लवकर हलतात, म्हणून मी महिन्याचीच वर्गणी घेतो आणि लढत नसेल त्या महिन्यात ती बंद करतो.

ज्या घरात मुले हौशी बॉक्सिंग शिकतात, तिथे एकदाच खर्च करून फ्री डिश बसवावी आणि मोठ्या व्यावसायिक लढतीच्या महिन्यापुरते ॲप घ्यावे, असे माझे मत आहे. क्रिकेट, मालिका आणि बातम्या यांसाठी सर्वांनाच केबल लागत असेल तर ती ठेवावी, पण बॉक्सिंगच्या नावाखाली तिचा खर्च मोजू नये. तालमीत पडदा लावून सर्वांना लढत दाखवायची असेल तर घरगुती वर्गणीच्या अटी आधी वाचाव्यात. ती वर्गणी खासगी वापरापुरती असते, आणि सार्वजनिक प्रदर्शनासाठी हक्कदाराची वेगळी परवानगी घ्यावी लागते.